गाडीतल्या सिंकचं पाणी जातं कुठे?



मे महिन्याच्या शेवटी काजवे बघायला खूप जण भंडारदऱ्याला जातात. हल्ली काही कुटुंबं व्हॅनमध्येच मुक्काम करतात. गाडीत झोपायला फळी, छोटी शेगडी आणि भांडी घासायला छोटं सिंक! पण भांडी घासून झाल्यावर ते पाणी जातं कुठे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला का?

घरी मोरीचं पाणी पाइपातून गटारात जातं. गाडीला गटार नसतं. सिंकचा पाइप तसाच खाली सोडला, तर खरकटं आणि साबणाचं पाणी उतारावरून थेट जलाशयात जातं. हे धरण प्रवरा नदीवर आहे. हीच नदी पुढे अकोले, संगमनेर, नेवासे अशी वाहत जाऊन गोदावरीला मिळते. म्हणजे आपण वर जे सोडतो, ते खालच्या लोकांच्या वाट्याला येतं.

"एवढ्याशा साबणाने काय होतंय?"

एक प्रयोग करा. ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरवा. बोटाला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावून मधोमध टेकवा. मिरपूड झटकन कडेला पळते! पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो, तो साबणाने कमी होतो. याच ताणाच्या आधारावर लांब पायांचे किडे तळ्यात पाण्यावर चालतात. साबणाचा त्रास माशांच्या कल्ल्यांनाही होतो. शिवाय खरकटं पाण्यात कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो.

बाटलीवर 'निसर्गात विघटन होणारा' असं लिहिलेलं असलं, तरी तो साबण तळ्यात चालत नाही. त्याचं विघटन करणारे जिवाणू मातीत भरपूर असतात, म्हणून असं पाणी मातीतच जिरायला हवं.

मग करायचं काय?

१. सिंकखाली कॅन ठेवा. हा कॅन निदान स्वच्छ पाण्याच्या कॅनएवढा मोठा हवा. लहान असेल तर भरून गाडीत सांडणारच! हवा बाहेर जायला वरून छोटी वाट ठेवा, नाहीतर पाणी गुडगुड करत अडतं.

२. आधी पुसा, मग धुवा. ताटातलं तेल, रस्सा भाकरीच्या तुकड्याने किंवा कागदाने पुसून घ्या. सिंकच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा. जाळीतलं खरकटं कचऱ्याच्या पिशवीत टाका. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका.

३. वास येऊ देऊ नका. साठलेल्या पाण्यात अन्नाचे कण कुजतात, म्हणून कॅन रोज रिकामा करा आणि विसळून घ्या. घरच्या बेसिनखाली वाकडा पाइप बघितलाय ना? त्या वाकात पाणी साचून राहतं आणि वास वर येत नाही. गाडीतही तसाच वाक द्या.

४. योग्य जागी ओता. मुक्कामाच्या ठिकाणी विचारून तिथल्या मोरीत किंवा संडासात ओता. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नको, ते बहुतेक ओढ्यालाच मिळतं. काहीच सोय नसेल तर पाणी गाळून घ्या आणि ओढा-तळ्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ८० पावलं, लांब जा. तिथे एकाच जागी न ओतता मातीवर पसरून शिंपडा.

गणित सोडवा

चार जणांची भांडी घासायला एका वेळी ५ लिटर पाणी लागतं असं समजू. दिवसातून दोन वेळा घासली, तर २० लिटरचा कॅन किती दिवसांत भरेल? उत्तर आहे दोन दिवस. भरलेल्या कॅनमधल्या पाण्याचं वजन किती? २० किलो! मग तो उचलणार कोण? म्हणूनच अर्धा झाला की ओतलेला बरा.

आजीला हे आधीच ठाऊक होतं

गावाकडे मोरीचं पाणी परसात सोडतात. तिथे अळू, केळ, कर्दळ लावलेली असते. बऱ्याच गावांत शोषखड्डेही आहेत. पाणी झाडाला मिळतं, डबकं होत नाही, डास कमी होतात. सांडपाण्याची सोय आपण लावायची, ही जुनीच रीत आहे. घराला चाकं लागली म्हणून ती सुटत नाही.

सुट्टीत कुठे मुक्कामाला गेलात, तर निघताना एकदा मागे वळून बघा. आपल्या जागेवर साबणाचा फेस किंवा भाताची शितं दिसत नाहीत ना?