सिगारेट सोडल्यानंतरचे पहिले तीन आठवडे

लेखांक ५

सिगारेट किंवा बिडी सोडायचा दिवस कसा ठरवायचा, ते मागच्या लेखात पाहिलं. तो दिवस उजाडला आहे, खिशात पाकीट नाही आणि घरातले ॲशट्रे उचलून टाकले आहेत, असं आज धरून चालू. पुढच्या साधारण तीन आठवड्यांत काय होतं आणि त्यावर काय करायचं, हा या लेखाचा विषय. मला हा भाग सगळ्या लेखमालेत महत्त्वाचा वाटतो, कारण सोडलेली सिगारेट पुन्हा हातात येते ती बहुतेक वेळा याच दिवसांत.

ती दरवेळी मोहापायीच येते असंही नाही. डोकं जड होतं, पोट साफ होत नाही, रात्री झोप लागत नाही, घरात विनाकारण खेकसणं होतं. हे सगळं का होतंय आणि किती दिवस चालणार, हे कुणी सांगितलेलं नसतं. मग माणूस ‘आपल्याला सिगारेट सोडणं मानवत नाही’ असं ठरवून मोकळा होतो. कुठलीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच असतात. बाकीचे मनाचे कच्चे म्हणून हरले, असा याचा अर्थ लावला जातो. तो मला मुळीच मान्य नाही. त्यांना काहीही न सांगता मैदानात उतरवलं गेलं, एवढंच मला त्यातून दिसतं.

झुरका घेतल्यावर निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि साधारण दर दोन तासांनी रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. रात्रीच्या झोपेत ते बरंचसं उतरलेलं असतं, म्हणून सकाळची पहिली सिगारेट सर्वांत हवीशी वाटते. शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच तगमग सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोचते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. या काळात येणारी एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढी मिनिटं जागा सोडायची, हळूहळू पाणी प्यायचं, कुणाला तरी फोन लावायचा. उपाय साधा आहे, पण तलफ आल्यावर तो सुचत नाही. काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

आता चहाकडे वळू. आपल्याकडे सिगारेटची खरी जोडीदारीण चहाच. सोडणाऱ्याला ‘चहाही बंद कर’ असा सल्ला सर्रास दिला जातो. एका वेळी दोन सवयी तोडायला लावणं मला योग्य वाटत नाही. पण चहा निम्म्यावर आणा, असं मी आग्रहाने सांगेन आणि त्याचं कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृताला चहा-कॉफीतलं कॅफीन झपाट्याने निकालात काढायला लावतात. धूर थांबला की काही दिवसांत यकृताचा हा वेग उतरतो, कॅफीन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि तेवढ्याच कपांतून रक्तातलं त्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री टक्क जाग राहते. सोडणाऱ्याला वाटतं, ही सिगारेटची तलफ. प्रत्यक्षात तो संध्याकाळचा चौथा चहा असतो! हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही, त्यामुळे निकोटीनचा गम चघळणाऱ्यांनाही तो चुकत नाही. सिगारेट सोडल्या दिवसापासून कप निम्मे करा आणि दुपारी चारनंतर चहा-कॉफी टाळा.

याच कारणाने काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढतं. दम्यासाठी थिओफिलीन, मानसिक आजारासाठी क्लोझापीन किंवा ओलान्झापीन चालू असेल, तर सिगारेट सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलावी लागू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही सांगावं.

चहा कुठे पिता, यालाही तेवढंच महत्त्व आहे. टपरीवर उभं राहून कटिंग हातात घेतलं की दुसरा हात आपोआप काउंटरकडे जातो. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्ट्या सिगारेटी-बिड्या विकायला बंदी आहे, तरी एक सुटी सिगारेट मागितली तर मिळते, हे आपण सगळे बघतो. ही सुटी सिगारेटच घात करते. अख्खं पाकीट घेताना माणूस क्षणभर तरी थांबतो, एका सिगारेटसाठी थांबत नाही. म्हणून तीन आठवडे चहा टेबलावर मागवा, बसून प्या. ‘चल, खाली जाऊन येऊ’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, की मी सोडली आहे, मला बोलावू नकोस. तो तीनदा हसेल, चौथ्यांदा बोलावणार नाही.

दुसरी तक्रार लोक दबक्या आवाजात सांगतात. ‘ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ हे खोटं नाही. निकोटीन आतड्यांना चालना देतं आणि ते बंद झालं की काही जणांना पहिले दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ होतो. तो तात्पुरता असतो. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, थोडं चालणं आणि काही झालं नाही तरी रोज ठरलेल्या वेळी शौचाला बसणं. जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, पेरू. तरी जमत नसेल तर रात्री भरपूर पाण्यातून इसबगोल.

हे इतकं तपशिलात लिहितोय, त्याला कारण आहे. पोट साफ होत नाही म्हणून आपल्याकडे माणूस सिगारेटऐवजी मिश्रीकडे, नाही तर तंबाखू-चुन्याकडे वळतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, तर तंबाखू, मिश्री, गुटखा यांसारखा धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे सोडणाऱ्याच्या आजूबाजूला चिमूटभर तंबाखू पुढे करणारे हात सिगारेट देणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. ‘धूर तरी नाही ना’ ही समजूत घातक आहे. निकोटीनची सवय तशीच राहते आणि फुप्फुसांवरचं संकट तोंडाच्या कर्करोगाच्या रूपाने गालात येऊन बसतं.

निकोटीनचं प्रमाण हळूहळू कमी करायचं असेल, तर त्यासाठी गम आणि पट्ट्या आहेत. गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा येतो. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांना भेटा. कुठला घ्यायचा हे दिवसाच्या आकड्यापेक्षा सकाळवरून ठरतं. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची गरज पडण्याची शक्यता जास्त. बिडी ओढणाऱ्यांनी तर आकड्यावर जाऊच नये. बिडीत तंबाखू थोडी असली तरी तेंदूच्या पानामुळे ती सारखी विझते, जोराने आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि निकोटीन काही कमी जात नाही.

गम घेऊन पाहिला, काही उपयोग झाला नाही, असं सांगणाऱ्या बहुतेकांनी तो साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावलेला असतो. तसं केलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही, उलट उचक्या लागतात, घशात जळजळ होते, मळमळतं. खरी रीत अशी: गम तोंडात घेऊन अगदी सावकाश चावा. थोड्या वेळाने तिखटसर चव येते, जीभ चुणचुणते. लगेच चावणं थांबवा आणि गम गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या. निकोटीन रक्तात जातं ते गालाच्या आतल्या त्वचेतून. चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. असं अर्धा तास. गम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत, शीतपेय घेऊ नका. आंबटपणामुळे निकोटीन शोषलंच जात नाही. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, नंतर अंतर वाढवत बारा आठवड्यांत बंद. तलफ अनावर होईपर्यंत थांबून मग गम शोधण्यात अर्थ नाही, तो वेळेवर घ्यायचा असतो. गर्भवतींनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही परिणामकारक आहेत. त्या सोडण्याच्या दिवसाआधी आठवडा-दोन आठवडे सुरू कराव्या लागतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळतात. फिट येणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही.

‘एकदम न सोडता दहावरून पाच, पाचावरून दोन केल्या तर?’ हा प्रश्न नेहमी येतो. २०१६ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दोन्ही रीती समोरासमोर ठेवून पाहिल्या. एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनी टिकून होते, हळूहळू कमी करून सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. सिगारेटी कमी केल्या की माणूस नकळत प्रत्येक झुरका खोल घेतो. शिवाय दिवसाला एकच ओढली तरी हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. म्हणून माझं मत एकदम सोडण्याच्या बाजूने आहे.

खोकला वाढला तर घाबरू नका. श्वासनलिकेतली सूक्ष्म केसांसारखी यंत्रणा पुन्हा कामाला लागून साचलेला कफ वर ढकलू लागते. भूक वाढते आणि वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं. त्याचा विचार नंतर करता येईल, या तीन आठवड्यांत आहाराचे निर्बंध अंगावर घेऊ नका. उदासपणा मात्र खोल होत गेला, जगणं नकोसं वाटू लागलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

साठीच्या पुढचे वाचक म्हणतील, आता या वयात काय फरक पडणार? ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या धूम्रपानाचा १९५१ साली सुरू झालेला अभ्यास पन्नास वर्षं चालला. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सुमारे दहा वर्षांनी घटलेलं दिसलं. तिशीत सोडणाऱ्यांनी ती जवळजवळ सगळी वाचवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनीही तीन. नातवंडाच्या आयुष्यातली तीन वर्षं म्हणजे केवढा काळ, हे आजी-आजोबांना मी सांगायला नको.

मदतीचा नंबर पाकिटावरच छापलेला असतो, पण तिकडे लक्ष जात नाही: १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं आणि समुपदेशक पुढचे काही आठवडे पाठपुरावा करतात. तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी, जीव घाबरा होतो तेव्हा, हा फोन करायचा आहे.

आणि एखाद्या हळदीच्या रात्री, मित्रांच्या घोळक्यात, ओढली गेलीच तर? दारूच्या बैठकीत हे सर्वांत जास्त घडतं, म्हणून तीन आठवडे अशी बैठक टाळाच. तरी घडलं तर ‘आता मोडलंच’ म्हणून दुसरी पेटवू नका. हातातली विझवा, तिथून बाहेर पडा, गम चालू असेल तर तो दुसऱ्या दिवशीही वेळेवर घ्या. कुठे, कुणाबरोबर, कितव्या तासाला हे झालं ते वहीत टिपून ठेवा. ती नोंद हेल्पलाइनवरच्या समुपदेशकाला वाचून दाखवा, तिचा पुढच्या बैठकीआधी फार उपयोग होतो.

पुढच्या आठवड्यात घरातल्यांविषयी. सोडणाऱ्याच्या चिडचिडीला पत्नीने, मुलांनी, आईवडिलांनी कसं तोंड द्यावं, आणि घरात आणखी कुणी ओढत असेल तर काय करावं.