राजीनामा नको, टोपली मागवा!

सोमवारी सकाळी इनबॉक्स उघडला की ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकच्या मनात येतं, ‘सोडू या हे सगळं! शहापूर-मुरबाडकडे दोन एकर घेऊ आणि मस्त शेती करू!’ ड्रीम झकास आहे आणि ते खरं करणारेही आहेत. वेंकट अय्यर यांनी आयबीएममधली नोकरी सोडून डहाणू तालुक्यातल्या पेठ गावी साडेचार एकरांवर सेंद्रिय शेती सुरू केली. त्यांचं ‘मूंग ओव्हर मायक्रोचिप्स’ 2018 मध्ये आलं. ही वीकेंडची पिकनिक नव्हे, हे ते वाचलं की कळतं.

पण टेन्शन नको! छोटं शेत टिकवायला जॉब सोडावा लागत नाही. त्या शेताला हवं असतं पक्कं गिऱ्हाईक.

आता जरा भातसानगरकडे वळू. शहापूर तालुक्यातलं इथलं धरण मुंबईची निम्मी तहान भागवतं. सात तलावांच्या 14.47 लाख दशलक्ष लिटर साठ्यापैकी 7.17 लाख एकट्या भातसाचे. म्हणजे मुंबईकरांनो, तुमच्या हातातला अर्धा ग्लास शहापूरचा! उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर मात्र टँकरची वाट बघावी लागते. धरणाच्या कालव्याचं पाणी काही गावांना मिळतं, बाकीच्यांची भिस्त पावसावर. जुलैत भाताची लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग जमिनीतल्या ओलीवर वाल नि हरभरा. जवळ विहीर किंवा ओढा असेल तर भेंडी, मुळा, वांगी. उन्हाळा तापला की खेळ खल्लास!

त्यात कुणी रासायनिक खतं-औषधं बंद केली, तर शेणखत, जीवामृत, हाताने निंदणी अशी मेहनत वाढते. मार्केट यार्डात मात्र ती भेंडी इतर भेंडीसारखीच, भावही त्या दिवशीचा. पडला तर टेम्पोचं भाडंही सुटत नाही.

यावर जपानी ग्राहकांनी 1970 च्या दशकात एक तोडगा काढला, ‘तेइकेई’. शेतकरी आणि शहरातली कुटुंबं यांचा थेट करार. 1986 मध्ये अमेरिकेतही अशी शेतं सुरू झाली. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ने हीच वाट धरली.

फंडा सिंपल आहे. सीझनच्या सुरुवातीला पैसे भरायचे आणि दर आठवड्याला शेतात जे निघेल ते घरी न्यायचं. आगाऊ पैशातून बियाणं येतं, मजुरी भागते. आणि अवकाळी पाऊस आला, कीड पडली तर? टोपली हलकी येणार! ऑर्डर कॅन्सल करायचं बटण नाही. नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पडत नाही, सगळी गंमत यातच आहे. मान्य, सलग तीन आठवडे मुळा आला की घरात कुरकुर होते. तेव्हा आईला फोन लावा, मुळ्याचे चार प्रकार तिला नक्की येतात!

सीझनचा मेनू

जून : शेवळं (काकडं घालूनच, नाहीतर घसा खाजेल), टाकळा
जुलै-ऑगस्ट : करटोली
ऑक्टोबर-नोव्हेंबर : नवा तांदूळ
डिसेंबर-फेब्रुवारी : वाल, भेंडी, पालेभाज्या
एप्रिल-मे : कैरी, करवंदं

सुरुवात कशी कराल?

सोसायटीतली किंवा ऑफिसमधली दहा घरं गोळा करा, एकाच शेतकऱ्याशी बोला. एखाद्या रविवारी कसारा लोकल पकडून आसनगावला उतरा आणि शेत बघून या. खत कुठलं, कीड पडली तर काय फवारता, पाणी किती महिने पुरतं, हे बिनधास्त विचारा. भाव सीझनभरासाठी ठरवा आणि मार्केटमध्ये भेंडी स्वस्त झाली म्हणून मध्येच पळू नका.

अर्ध्या ग्लासाची परतफेड याने होणार नाही. पण ज्या तालुक्याचं पाणी पितो, तिथल्या एका शेताचा सीझन तरी सुखाचा जाईल. आणि वालाचं बिरडं बोनस!