जपानी वर्गातली लॅटिन

लॅटिनचं एक साधं वाक्य घेऊ: मागिस्तेर पुएरो लिब्रुम दात. मागिस्तेर म्हणजे मास्तर, पुएरो म्हणजे मुलाला, लिब्रुम म्हणजे पुस्तक, दात म्हणजे देतो. मास्तर मुलाला पुस्तक देतो. हेच जपानीत: सेन्सेई गा शोनेन नि होन ओ आताएरु. तिन्ही भाषांत क्रम तोच, क्रियापद शेवटी. इंग्रजी शिकताना जपानी मुलाला वाक्य उलटंपालटं करावं लागलं होतं. विद्यापीठात पहिल्यांदा लॅटिन घेतल्यावर इथे तरी ते करावं लागत नाही.

'गा', 'नि', 'ओ' ही आपल्या विभक्तिप्रत्ययांचीच कामं करतात. फक्त नामाला धक्का न लावता त्याच्यामागे येऊन बसतात. लॅटिनमध्ये नामाचा शेवटच बदलतो: पुएर, पुएरी, पुएरो, पुएरुम. मुख्य विभक्ती सहा, वचनं दोन, नामांचे गट पाच. सुरुवातीचे महिने हे तक्ते घोकण्यात जातात. 'देवः देवौ देवाः' म्हटलेल्या मराठी माणसाला त्याची कल्पना येईल; द्विवचन नाही एवढीच सुटका.

खरी दमछाक क्रियापदाशी होते. 'तो देतो' म्हणजे दात, 'ते देतात' म्हणजे दांत. जपानीत दोन्हीकडे आताएरुच; कोण देतं, किती जण देतात, हे क्रियापद सांगत नाही. विशेषणाचंही तसंच. माग्नुम पुएर लिब्रुम लेगित हे वाक्य पाहा. माग्नुम म्हणजे मोठं, पण मोठं काय? शेजारी पुएर, म्हणजे मुलगा, बसला आहे. तरी माग्नुमचा शेवट लिब्रुमशी जुळतो, म्हणून मोठं पुस्तक. 'मोठं मुलगा पुस्तक वाचतो' असं कुणी म्हणालं तर कानाला खटकेल, पण मोठं काय ते आपल्याला कळेल. जपानी विशेषण नेहमी नामाला चिकटून पुढे येतं आणि लिंगवचनाने बदलत नाही, त्यामुळे तिथल्या मुलाला ही जोडी डोळ्यांनी शोधायची सवय मुद्दाम लावावी लागते. आपण श्लोकाचा अन्वय लावतो तेच हे काम.

पुढचा घाट संबंधी वाक्यांचा. पुएर क्वी लिब्रुम लेगित: मुलगा, जो पुस्तक वाचतो. जपानीला 'जो' नाही. ती 'पुस्तक वाचणारा मुलगा' एवढंच म्हणू शकते. म्हणून डोळा शेवटापर्यंत नेऊन मागे आणावा लागतो. जपानी शाळांत प्राचीन चिनी ग्रंथ शब्दांशेजारी खुणा करून अशाच मागेपुढे उड्या मारत वाचायला शिकवतात, त्यामुळे ही कसरत अगदी परकी वाटत नसावी. मराठीला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही झटापट चारशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा एक धागा गोव्यातून जातो. युरोप पाहून परतणाऱ्या चार जपानी मुलांपैकी हारा मार्तिनोने 1587 मध्ये गोव्यात लॅटिनमधून भाषण केलं. ते 1588 मध्ये तिथेच छापलं गेलं. त्यांच्याबरोबर आलेला छापखाना 1590 मध्ये जपानला पोचला. त्यावर आमाकुसा इथे 1594 मध्ये मानुएल आल्वारेस या जेझुइटाचं लॅटिन व्याकरण छापलं, लॅटिन क्रियारूपांना जपानी अर्थ जोडून. पुढच्याच वर्षी लॅटिन-पोर्तुगीज-जपानी कोश आला. 1614 मध्ये मिशनऱ्यांना देशाबाहेर काढण्यात आलं आणि ही परंपरा तुटली. 1708 मध्ये सिदोत्ती हा इटालियन पाद्री जपानात गुपचूप उतरला आणि पकडला गेला. शोगुनचा विद्वान सल्लागार आराई हाकुसेकी याने त्याची एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, चौकशी केली, तेव्हा डच भाषेच्या दुभाष्याला लॅटिनशी झुंजावं लागलं.

त्यानंतर बऱ्याच काळाने, 1893 मध्ये, राफाएल फोन कोएबर तोक्योच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला आले. ग्रीक-लॅटिनशिवाय युरोपीय विचार नीट कळणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. पुढे क्योतोत अभिजात भाषा शिकवणाऱ्या तानाका हिदेनाका यांचा लॅटिन-जपानी कोश 1952 मध्ये निघाला. 'रावा जितेन' हे त्याचं नाव: 'रा' लॅटिनचा, 'वा' जपानीचा, 'जितेन' म्हणजे कोश.

व्याकरण संपवून विद्यार्थी सीझर किंवा सिसेरोकडे वळतो, तेव्हा असा कोश उघडतानाही आधी थोडं व्याकरण हाताशी लागतं. लेगित सापडत नाही. 'मी वाचतो' म्हणजे लेगो, तिथे पाहायचं. तुलित, 'त्याने नेलं', तर भलत्याच अक्षरात, फेरोखाली. मराठी शिकणारा परदेशी माणूसही 'गेला' हा शब्द असाच ग च्या पानांत शोधत बसतो. तो असतो 'जाणे'खाली.