बोटावरची शाई आणि पोटातली चांदी

१३ मे २०२४ ला जळगाव मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं. त्या दिवशी धरणगावातल्या मतदारांच्या डाव्या तर्जनीवर लागलेल्या शाईत सिल्व्हर नायट्रेट होतं, म्हणजे चांदीचा क्षार. म्हैसूरला तयार होणारी ही शाई १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे. त्वचेवरच्या मिठाशी गाठ पडली की या क्षाराचं सिल्व्हर क्लोराइड होतं आणि उजेडात त्यातून बारीक, काळपट चांदी सुटी होते. मग साबण लावा की तेल, डाग हलत नाही. कातडीचा वरचा मेलेला थर झडतो, नख वाढून पुढे सरकतं, तेव्हाच तो जातो.

प्रतिकारशक्ती वाढते म्हणून ‘कोलॉइडल सिल्व्हर’, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेलं पाणी, पिणाऱ्यांनी हा डाग डोळ्यांपुढे ठेवावा. शरीराच्या आतही जवळपास हेच घडतं. फरक इतकाच की आतला थर झडत नाही.

‘चांदी जंतू मारते, मग पोटात घेतली तर आतलेही मरतील’ हा सगळ्यांत पक्का बसलेला समज. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. १८८० मध्ये लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा २ टक्क्यांचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि कित्येक बाळांची दृष्टी वाचली. भाजलेल्या जखमेवर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम आपल्या दवाखान्यांतही असतं. २००९ साली बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ फिल्टरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. पण डोळा, जखम, पाणी या तिन्ही ठिकाणी चांदी थेट जंतूला भिडते. पोटात तिला आधी जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल भेटतं आणि तिचा बराच भाग न विरघळणारं क्लोराइड होऊन बसतो. त्यातूनही जी थोडी रक्तात शिरते तिला तिथले अल्ब्युमिन आणि ग्लुटाथायोन धरून ठेवतात. छातीतल्या किंवा लघवीच्या जंतुसंसर्गापर्यंत मोकळी चांदी पोचणार कशी? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच नियम काढून सांगितलं की डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणारी कोलॉइडल चांदी किंवा चांदीचे क्षार असलेली औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत.

‘कोलॉइड म्हणजे शुद्ध धातू, क्षार नव्हे, म्हणून निर्धोक’ असंही सांगतात. बाटलीत कणांबरोबर चांदीचे आयनही असतात आणि कण आम्लात हळूहळू विरघळून आणखी आयन देतात. पुढची वाट दोघांची एकच.

‘जास्त झालं तर लघवीतून निघून जाईल’ हा मात्र धोकादायक समज आहे. चांदी मुख्यतः यकृतातून पित्तात आणि तिथून शौचावाटे बाहेर पडते. उरलेली गंधक आणि सेलेनियमशी जोडी जमवून कातडीच्या खोल थरात, हिरड्यांत, नखांच्या मुळाशी साचते. उन्हाचा उजेड पडणारा चेहरा आणि हात निळसर करडे होतात. या विकाराचं नाव आर्जिरिया. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्याचे स्टॅन जोन्स यांनी २००० साल उजाडताच संगणक बंद पडून प्रतिजैविकं मिळेनाशी होतील या धास्तीने घरीच चांदीचं पाणी करून प्यायला सुरुवात केली. २००२ मध्ये सिनेटची निवडणूक लढवताना त्यांचा चेहरा निळा-करडा झालेला होता. हा रंग सहसा कायमचा राहतो. लेझरने काही रुग्णांत तो फिका होतो, पण चांदी बाहेर ओढून काढणारं औषध नाही.

आता उलट टोकाची भीती. वर्ख लावलेली काजूकतली खाल्ली तर? आपल्या अन्न नियमांप्रमाणे वर्खात चौरस मीटरला जास्तीत जास्त २.८ ग्रॅम चांदी चालते. म्हणजे चार सेंटीमीटर बाजूच्या कतलीवर साडेचार मिलिग्रॅमच्या आत, आणि तीही धातुरूप, जिचा बहुतेक भाग न शोषता निघून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आयुष्यभरात मिळून सुमारे १० ग्रॅम चांदी पोटात गेली तरी अपाय दिसत नाही. सणासुदीच्या वर्खाला घाबरू नये. घाबरायचंच तर चांदीच्या नावाने खपवलेल्या ॲल्युमिनियमच्या वर्खाला घाबरावं. चांदीच्या वाटी-चमच्याने बाळाला भरवायलाही काही हरकत नाही. बारशाला सराफाकडून आणलेले वाळे काळे पडले की ‘चांदीने बाळाची पीडा ओढून घेतली’ म्हणतात. मायेपोटी म्हणतात हे खरं, पण तो काळा थर हवेतल्या आणि घामातल्या गंधकामुळे झालेलं सिल्व्हर सल्फाइड असतं. बाळ आजारी असेल तर वाळ्यांकडे नव्हे, तापाकडे बघायचं.

शरीराच्या कुठल्याही कामाला चांदी लागत नाही; लोह किंवा जस्तासारखी तिची कमतरता कुणाला होत नाही. उलट पोटातली चांदी थायरॉइडची गोळी आणि काही प्रतिजैविकं नीट शोषू देत नाही. घरात कुणी अशी बाटली सुरू केली असेल तर ती डॉक्टरांकडे सोबत न्या आणि किती दिवस, किती चमचे घेतली ते सांगा. भाजल्यावर लावायच्या चांदीच्या मलमाचंही तसंच. मोठ्या भाजण्यातून चांदी रक्तात उतरते, म्हणून आधी भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि मलम लावायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. दोन महिन्यांखालच्या बाळाला आणि दिवस भरत आलेल्या बाईला हे मलम लावू नये, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधीच सांगावी.