विजेच्या मोटारीची खरी मजल

बैलजोडी विकत घेताना आपण विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. दात पाहतो, चालवून पाहतो, भरल्या गाडीस जुंपून पाहतो. मग कित्येक लक्ष रुपये मोजून घ्यावयाच्या विजेच्या मोटारीविषयी केवळ जाहिरातीतील आकड्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे होईल काय? हिवरखेड भागातील शेतकरी बंधूंस या प्रश्नाचा निकाल स्वतःच करता यावा, म्हणून आम्ही हा हिशेब येथे मांडीत आहो.

प्रथम आकडा कोठून येतो ते पाहू. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत मोटारीची चाके रुळांवर फिरवून ठराविक पद्धतीने तिची कसोटी घेतात. त्या चाचणीत कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असला तरी सरासरी वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो आणि वातानुकूल यंत्र बंद असते. ही कसोटी खोटी नव्हे. निरनिराळ्या गाड्यांची आपसांत तुलना करण्यास ती उपयोगी आहे. परंतु तीत वैशाखातले ऊन नाही, खड्डे नाहीत, मागच्या आसनावरील मंडळीही नाहीत.

उदाहरणार्थ, सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांची टियागो ही लहान विजेची मोटार जाहीर झाली, तेव्हा २४ युनिटांच्या बॅटरीवर ३१५ व १९.२ युनिटांच्या बॅटरीवर २५० किलोमीटर मजल सांगितली गेली. म्हणजे एका युनिटात सुमारे १३ किलोमीटर. प्रत्यक्ष रस्त्यावर बेताने हाकल्यास आठ-नऊ किलोमीटर पडतात. चार माणसे, ताशी ८० चा वेग व थंड हवेचे यंत्र चालू, असे असता साडेसात धरणे बरे.

हा फरक का पडतो? वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी थंड हवेचे यंत्र तासास सुमारे एक युनिट खाते, आणि गर्दीत गाडी रखडली तर मजल न वाढता वीज मात्र खर्च होते. चढणीचेही तसेच. सपाटीवरून चिखलदऱ्यास जाताना सुमारे ७०० मीटर चढावे लागते. माणसांसह चौदाशे किलो वजन तितके वर उचलण्यासच अडीच युनिटांहून अधिक वीज लागते. उतारावर मोटर जनित्राचे काम करून त्यातील काही भाग परत देते, सर्व नव्हे.

आता घरचा हिशेब करू. हिवरखेडाहून अकोटमार्गे अकोला सुमारे ६५ किलोमीटर. जाऊन येऊन १३०. बॅटरीचा पाचवा हिस्सा अडीअडचणीसाठी राखला, तर २४ युनिटांतून १९ उरतात. साडेसातने गुणता सुमारे १४४ किलोमीटर. काम भागते. लहान बॅटरीत मात्र ११५ च येतात. वाटेत वीज भरल्यावाचून परतणे धोक्याचे. शिवाय बॅटरी जुनी होता होता तिची साठवण घटते. दहावा भाग जरी घटला, तरी १४४ चे १३० होतात, म्हणजे नेमके काठावर. रात्री-अपरात्री आजारी माणसास अकोल्यास न्यावयाचे असता हा काठ फार महत्त्वाचा ठरतो.

वीज भरण्याचाही विचार हवा. घरच्या १५ अँपियरच्या जोडणीवर मोठी बॅटरी पूर्ण भरण्यास आठ-नऊ तास लागतात. रात्री वीज गेली तर सकाळी गाडी अर्धवट भरलेली सापडेल. शेतीपंपाची जोडणी पंपासाठीच आहे; तिच्यावर मोटार भरू नये.

आमचे मत असे की, चाचणीच्या आकड्याच्या निम्म्याहून किंचित कमी तीच भरवशाची मजल समजावी. रोज अकोट, तेल्हारा व शेत एवढीच ये-जा असणाऱ्यास ही मोटार सोयीची आहे. ज्यास वारंवार अडीचशे किलोमीटरांहून दूर नागपुरास जावे लागते, त्याने घाई करू नये. आणि घेण्यापूर्वी, ऐन उन्हाळ्यात, घरची चार माणसे बसवून, अकोल्याची एक फेरी स्वतः हाकून पाहावी. बैलाची पारख आपण अशीच करीत आलो आहो.