आईचा वास
दरवर्षी मारवाडचे रेबारी मेंढपाळ कळप घेऊन आमच्या माळव्यात येतात. उज्जैनजवळच्या शेतात पाहिलं, एका मेंढीनं परक्या कोकराला ढुशी देऊन हाकललं. आपल्याला मात्र शेपटीशी हुंगून लगेच पाजलं.

व्यायल्यावर पहिल्या काही तासांत, चाटता चाटता, मेंढी पिल्लाचा वास ओळखीचा करते. ती वेळ हुकली तर पोटचं कोकरूही ती नाकारू शकते.

हे ऐकून धस्स झालं. आमची लेक जन्मल्यावर आठवडाभर काचेच्या पेटीत होती. "ओळखेल ना मला?" बायको रोज विचारायची.

पण माणसाचं बाळ गर्भजलातला वास ओळखतच जन्माला येतं. आठव्या दिवशी कुशीत घेताच लेकीनं मिटल्या डोळ्यांनी दूध शोधलं.

आता ती तीन वर्षांची आहे. झोपताना आईचीच ओढणी लागते, तीही न धुतलेली!