विश्लेषण : संगणकाच्या यादीत 'क्षीरसागर' हे 'खरे'च्या आधी का?

मराठी आडनावांची यादी संगणकाने अकारविल्हे लावली, की 'क्षीरसागर' बहुतेक वेळा शेवटी नसतात. ते 'कोल्हे' आणि 'खरे' यांच्यामध्ये सापडतात. 'काळे' हे 'कावळे' आणि 'काशीकर' यांच्या आधी येतात. वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ यांची जागा 'ह'च्याही पुढे. शाळेचा पट असो वा संस्थेच्या सभासदांची यादी, कागदावर बोट फिरवत नाव शोधणारा नेमका इथेच अडतो.

संगणकाला अक्षरांचा क्रम कळत नाही?

त्याच्याकडे असतात फक्त क्रमांक. युनिकोडमध्ये 'ल'चा क्रमांक २३५४, 'ळ'चा २३५५ आणि 'व'चा २३५७. ही मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय मानकावरून आली. त्यात ब्राह्मीकुळातील लिप्यांसाठी एकच सामाईक क्रम होता आणि 'ळ' हा 'ल'शेजारी होता. 'क्ष'ला तर स्वतंत्र क्रमांकच नाही. क, हलन्त आणि ष अशा तीन तुकड्यांत तो साठवला जातो, म्हणून 'क'च्या घरात जातो.

मग योग्य क्रम कोण ठरवतो?

डेटाबेसमधील 'कोलेशन', म्हणजे क्रम लावण्याची नियमावली. ती भाषेनुसार बदलते. डोक्यावर दोन टिंबे असलेला 'ए' जर्मन शब्दकोशात साध्या 'ए'सोबत असतो, स्वीडिशमध्ये थेट 'झेड'नंतर. मायएसक्यूएल मूळचा स्वीडिश कंपनीचा, त्यामुळे ८.० आवृत्ती येईपर्यंत वापरकर्त्याने काही निवडले नाही, तर जगभर स्वीडिश नियमावलीच लागू होई! पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये मराठीची नियमावली मिळते, पण मागितली तरच.

नियमच बदलले तर?

इथे प्रश्न यादीच्या दिसण्यापुरता राहत नाही. झटपट शोधासाठी डेटाबेस इंडेक्स ठेवतो आणि तो याच क्रमाने रचलेला असतो. २०१८ मध्ये लिनक्समधील 'जीलिबसी'च्या २.२८ आवृत्तीने क्रमाचे नियम बदलले. सर्व्हर अद्ययावत झाले, जुने इंडेक्स तसेच राहिले. अशा पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसमध्ये असलेली नोंदही शोधल्यावर 'नाही' असे उत्तर येऊ शकत होते; एकदाच असायला हवी ती नोंद दुसऱ्यांदा शिरू शकत होती. तेही गुपचूप. उपाय एकच, इंडेक्स नव्याने बांधणे.

२०२४ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीत ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून नसलेला अंगभूत पर्याय आहे. तो अक्षरांच्या क्रमांकांनुसार चालतो. त्यामुळे क्रम स्थिर राहतो, 'काळे' मात्र पुन्हा 'कावळे'च्या आधी.